कोणाच्या डाव्या हाताला?

सरांना पत्ता विचारणं म्हणजे आपणहून शिक्षा मागून घेणं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला सर कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पीत उभे असायचे. एखादा परगावचा माणूस त्यांच्या पांढऱ्या केसांवर विश्वास टाकून विचारायचा, "साहेब, बस स्टँड कुठं आलं?" टपरीवाला घाईघाईनं मध्ये पडायचा, "सरळ जा भाऊ, मंग डाव्या हाताले वळा." पण तोवर सरांनी कप खाली ठेवलेला असायचा.

"कोणाच्या डाव्या हाताले?"

"माह्या," तो बिचारा म्हणायचा.

"तुमचं तोंड आता कुठं हाये? माह्याकडे. मंग डावा हात कुठं आला? अन् तिकडे तोंड केल्यावर तो तिथंच राह्यते काय?"

असं करत सर त्याला रस्त्यातच पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे तोंड करून उभा करायचे. माणूस शेवटी बरोबर बस स्टँडवर पोचायचा, फक्त त्याची गाडी निघून गेलेली असायची, असं टपरीवाला सगळ्यांना सांगायचा. सरांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, "गाडी दुसरी भेटते. पण चुकीच्या जागी पोचलेला माणूस कोणाले भेटत नाही."

सर आम्हाला पॅथॉलॉजी शिकवायचे. आजारानं शरीराच्या आत काय करून ठेवलं आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, असा तो विषय. मी नुकतीच शिकून त्यांच्या हाताखाली ट्यूटर म्हणून लागले होते. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा तेव्हाचा माझा स्वभाव, आणि सरांच्या स्वभावाला तर माशीनंच कंटाळून उठून जावं. पहिल्याच आठवड्यात माझं त्यांच्याशी भांडण झालं. पेशंटची हकिगत सांगताना मी "बहुतेक" हा शब्द वापरला होता. सर म्हणाले, "तुम्ही पाह्यलं काय?" मी म्हटलं, "नाही, पण वाटतं." त्यावर ते म्हणाले, "वाटणं घरी. इथं पाहणं." मला इतका राग आला की दुपारी डबा खाल्ला नाही. आता मी माझ्या विद्यार्थ्यांना अगदी हेच वाक्य ऐकवते आणि तीही पोरं डबा खात नसतील.

डाव्या-उजव्याचं वेड मात्र उगाच नव्हतं. मेंदूचा स्कॅन काढतात, त्या फिल्मवर माणसाची डावी बाजू आपल्याला उजवीकडे दिसते. आपण पेशंटच्या पायाशी उभं राहून त्याच्याकडे पाहतो आहोत असं धरायचं, हा त्या लोकांचा रिवाज आहे. आम्ही पॅथॉलॉजीवाले माणूस गेल्यावर त्याचा मेंदू ट्रेमध्ये ठेवून चकत्या कापतो. चकतीला पुढची बाजू असते तशी मागचीही असते. पुढून पाहिलं तर डावं एकीकडे, चकती पालथी केली की दुसरीकडे. त्यातून पापुद्र्याएवढा तुकडा काचेवर घेतला तर तो पाण्यावर तरंगताना केव्हा उलटा होईल याचा नेम नाही. सरांचं म्हणणं असं, की या सगळ्या गोंधळात दवाखान्यांमधून कितीतरी माणसांचं डावं-उजवं अदलाबदल होऊन बसलं असेल आणि कोणाला पत्ताही नसेल.

हे शिकवायला ते पत्ताकोबी वापरायचे. आठवडी बाजारातून घट्ट गड्डे निवडून आणायचे, एक उभा कापायचे, एक आडवा, एक तिरपा, आणि फोडी वर्गात वाटून विचारायचे, "ही फोड गड्ड्यात कुठं होती? जागा सांगा." वर्ग संपल्यावर कोबी वाया जाऊ नये म्हणून तो होस्टेलच्या मेसला जायचा. त्यामुळे मेसमध्ये कोबीची भाजी झाली की पोट्टे ओरडायचे, "आज सरांचं प्रॅक्टिकल हाये रे!" कोबी थेट मेसमध्ये पाठवावा आणि वर्गात फक्त गोष्ट सांगावी, असं एकदा प्राचार्यांनी सुचवून पाहिलं होतं. सरांनी त्यांच्याही हातात फोड दिली.

दिसायला सर उंच, किंचित वाकलेले, आणि बाराही महिने पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यातले. अंगाला फॉर्मॅलिनचा वास. त्या औषधात अवयव टिकतात, पण ते औषध डोळ्यांना झोंबतं, त्यामुळे सरांचे डोळे कायम ओले असायचे. पहिल्या वर्षाच्या मुली म्हणायच्या, सर किती हळवे आहेत. यवतमाळच्या मे महिन्यात, जेव्हा भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, तेव्हा विभागातला एकुलता एक कूलर सरांच्या खोलीत नसून बरण्यांच्या खोलीत असायचा. आम्ही घामाघूम होऊन तक्रार केली की म्हणायचे, "तुमाले घाम येते म्हणजे तुम्ही जिवंत हाये. त्याइले कोण पाहीन?" काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांना आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ द्यायच्या नाहीत. घर चार पिढ्यांचं कचेरीतल्या नोकरीचं. वडील कलेक्टर ऑफिसात, आजोबा कोर्टात. "आमच्या घरात सगळ्याइनं कागद जुळवले," सर सांगायचे, "मी एकटा मेंदू जुळवून राह्यलो."

आणि ते खरोखरच मेंदू जुळवत होते.

विस्मरणाच्या, मेंदू झिजण्याच्या आजारात माणूस हळूहळू आपल्याच घरात पाहुणा होतो. जिवंतपणी त्याचा स्कॅन काढला तर आतली झीज सावल्यांसारखी दिसते. पण ती सावली नेमकी कशाची, हे मेल्यानंतर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय कळत नाही. सरांना हे दोन्ही एकावर एक बसवायचे होते. फिल्मवरचा हा काळा ठिपका म्हणजे काचेवरची हीच जागा, असं त्यांना बोट ठेवून सांगायचं होतं. मोठ्या शहरांत तेव्हा यासाठी संगणक आले होते. आमच्याकडे ट्रेसिंग पेपर होता. सर स्कॅनची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून तिची आकृती पेपरवर उतरवत. चकत्यांचे फोटो काढून ते बरोबर त्याच मापाचे छापून घेत, आणि त्यावर तो पेपर ठेवून घडी, रक्तवाहिनी, कोपरा असा एकेक मेळ बसवत. औषधात राहून मेंदू आक्रसतो, कापताना ताणतो, त्यामुळे काहीच धड बसत नाही. मग सर पेपर थोडा सरकवायचे, श्वास रोखायचे, पुन्हा सरकवायचे. बसला की म्हणायचे, "जुळली." तेवढ्यासाठी दिवस गेलेला असायचा.

आता मी काम करते तिथे हेच काम पडद्यावर डोळ्यांदेखत होतं. मुलं कळ दाबतात आणि चहाला जातात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. "जुळली" म्हणताना सरांचा चेहरा कसा व्हायचा ते त्यांना दिसणार नाही, एवढंच वाईट वाटतं. सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

ते दिवस यवतमाळला चांगले नव्हते. कापसाचा भाव पडलेला, बोंडअळीनं शेतं खाल्लेली, खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा, आणि आमच्या शवविच्छेदनाच्या खोलीला उसंत नाही. एकदा स्टाफरूममध्ये सर्जरीचे एक डॉक्टर चिडून म्हणाले, "साहेब, इथं रोज माणसं औषध पिऊन येऊन राह्यले, अन् तुम्ही मेंदूच्या चकत्या जोडत बसता." सर उठले, खिडकीपर्यंत गेले आणि म्हणाले, "ते कायनं मेले हे मले काचेवर दिसत नाही हो. दिसलं असतं तर तेच पाह्यलं असतं. जे दिसते ते तरी नीट पाहू द्या." त्या दिवशी मला सरांविषयी पहिल्यांदा माया वाटली.

फोटोंसाठी सरांचा एक हक्काचा माणूस होता. चौकात त्याचा स्टुडिओ. लग्नाचे अल्बम ही त्याची खरी कमाई, आणि मेंदूचे फोटो हा सरांवरच्या लोभापायी केलेला धर्म. अंधाऱ्या खोलीत एका दोरीवर नवऱ्यामुली आणि दुसऱ्या दोरीवर मेंदू वाळत असायचे. सर फोटो काढताना चकती नेहमी एकाच स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायचे. त्या ट्रेचा एक कोपरा चेपलेला होता, आणि चेपलेला कोपरा नेहमी पेशंटच्या उजव्या बाजूला, असा नियम होता. वेगळी खूण करायची गरजच नाही. सरांना या युक्तीचा फार अभिमान. ट्रे घासायला नेणाऱ्या प्रत्येकाला ते बजावायचे, "पोचा सरळ करू नका बरं."

आणि अशात एक दिवस दारव्ह्याच्या ताई आल्या.

साठीच्या आसपासच्या, नीट पदर घेतलेल्या. त्यांचे यजमान कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे ढिगातून चिमूटभर कापूस घेऊन, दोन अंगठ्यांत धागा ओढून, हा अमुक प्रतीचा असं सांगणारा माणूस. त्याच्या बोटांवर गावाचं वर्ष ठरायचं. नोकरीच्या शेवटाला त्यांच्यावर बालंट आलं. हंगामाच्या शेवटचा हलका फरतड कापूस त्यांनी वरच्या प्रतीचा म्हणून घेतला, चांगल्याला खाली ढकललं, व्यापाऱ्यांकडून पैसे खाल्ले, असं लोक म्हणाले. चौकशी बसली, घरी बसवलं. त्याच दिवसांत ते सायकलवरून पडले म्हणून नागपूरला नेऊन स्कॅन काढला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, वयानुसार थोडी झीज. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांना सदऱ्याची गुंडी लावता येईना, मग बायकोचं नाव आठवेना. शेवटचे दिवस ते आमच्या वॉर्डात होते. गेले, तेव्हा ताईंनीच सरांना सांगितलं होतं, मेंदू ठेवून घ्या. आता त्या उत्तर मागायला आल्या होत्या.

"मले एकच सांगा," त्या म्हणाल्या. "मांगून आजार झाला हे मले दिसलंच. मी केलं त्याइचं सगळं. पण त्या वर्षी, जवा लोकाइनं चोर म्हटलं, तवा हा आजार होता काय? का तवा त्याइचं डोस्कं चांगलं होतं?"

त्यांनी पिशवीतून जुनी फिल्म काढून टेबलावर ठेवली. कोपऱ्यात त्याच वर्षाची तारीख होती.

"बाजारात जातो तं बाया अजून आवाज लहान करते," त्या म्हणाल्या. "त्याइच्यासाठी नाही विचारत. ते गेले. मीच ठरवू नाही शकून राह्यली, मी कोणासंगं राह्यली ते."

सर म्हणाले, "जागा जुळली तर सांगीन. नाही जुळली तरी सांगीन." मला ते फार कोरडं वाटलं. ताईंनी मात्र मान हलवली, जणू त्यांना असाच माणूस पाहिजे होता.

प्रश्न सोपा होता. फिल्मवर पेशंटच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर आणि मागे, घड्यांमधल्या फटी किंचित रुंदावलेल्या दिसत होत्या. उजव्या हाताला लागलेली वस्तू ओळखायची जागा साधारण तिथेच असते. शेवटी तर मेंदू दोन्हीकडे झिजला होता, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नव्हता. पण सूक्ष्मदर्शकाखाली जुनी झीज आणि नवी झीज वेगळी दिसते. सगळ्यात जुनी झीज जर फिल्मवरच्या त्याच जागी सापडली, तर ती सावली वयाची नव्हती, आजाराची होती, आणि आजार त्या वर्षी सुरू झालेला होता.

सरांनी चकत्यांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि रोल स्टुडिओत देताना कधी नव्हे ते म्हणाले, "हे लय महत्त्वाचं काम हाये. जरा मन लावून कर." फोटो सुरेख आले. फक्त या वेळी स्टुडिओवाल्यानं कडा कापून ट्रे काढून टाकला होता. सर रागावले, पण पाकिटावर पुढची बाजू, मागची बाजू असं क्रमानं लिहिलेलं होतं, म्हणून चालवून घेतलं. चकत्या तोवर तुकडे होऊन मेणात गेल्या होत्या, म्हणजे बाजू पडताळायला आता फोटोच तेवढे होते. काचेवरचे पापुद्रे पुढच्या बाजूच्या फोटोंवर आणि फोटो फिल्मवर बसवत आम्ही दोघं कित्येक आठवडे त्या उजेडाच्या पेटीवर वाकलेलो होतो.

आणि जागा जुळली नाही. जुनी झीज होती, पण उजवीकडे. डावीकडची, फिल्मवरच्या सावलीच्या जागची, नवी होती. म्हणजे त्या वर्षीची सावली रिपोर्ट म्हणतो तशी वयाची असू शकत होती. सरांनी पुन्हा केलं. मला एकटीला करायला लावलं. तेच आलं.

त्या दिवशी आमचं खरं भांडण झालं.

"सर, आजार तर होता ना? दोन्हीकडे पेशी मेल्या आहेत. सांगून टाका, होता म्हणून."

"आता होता. तिनं तवाचं विचारलं हाये."

"त्या बाईला डावं-उजवं काय कळणार आहे?"

"मले कळते नं," सर म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हाला माणसापेक्षा काच मोठी. आणखीही बरंच काही म्हटलं. सर ऐकत राहिले. डोळे ओले होते, पण ते नेहमीच असायचे. रविवारी स्वतः दारव्ह्याला जाऊन सांगायचं त्यांनी ठरवलं. अशी गोष्ट पत्रानं कळवू नये म्हणाले.

शनिवारी दुपारी मला स्टुडिओतून धाकट्या भावाच्या लग्नाचा अल्बम घ्यायचा होता. अबोला असूनही सर बरोबर निघाले. त्यांना त्याचं ते कडा कापणं अजून डाचत होतं, ते बोलून दाखवायचं होतं. स्टुडिओवाल्यानं मोठ्या हौसेनं अल्बम उघडला. मी वहिनीचा शालू बघत होते. सरांना लग्नाच्या फोटोंत काडीचा रस नव्हता, तरी त्यांनी एकदम पान धरलं.

"तुमच्या भावाच्या सदऱ्याचा खिसा उजवीकडे हाये काय?"

"नाही," मी म्हटलं.

"घड्याळ?"

फोटोत घड्याळही उजव्या मनगटावर होतं. स्टुडिओवाला खुशीत हसला. "पाह्यलं काय सर? कोणाले दिसत नाही ते. जोडी उलटी उभी होती नं. नवरी नवऱ्याच्या डाव्या अंगाले पाह्यजे, नाहीतर घरची म्हातारी माणसं अल्बम वापस आणून देते. मंग मी निगेटिव्ह पालथी टाकून छापतो. नवरी बरोबर डावीकडे. सगळेच स्टुडिओवाले करते."

सरांनी अगदी हळू विचारलं, "माह्ये फोटो?"

"ते तं सर, जीव लावून केले. तुम्ही सांगतलं नं मन लावून कर. एक तुकडा असा दिसे, दुसरा तसा. कोपऱ्यातला फाटका भाग एकदा इकडे, एकदा तिकडे. अल्बम कसा एकसारखा पाह्यजे. मी समोरचे सगळे पालटवून सारखे करून देले. अन् तो पोचलेला ट्रे काढून टाकला, बरा नव्हता दिसत."

पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाईकाला बसवायचं एक स्टूल होतं, सर त्यावर बसले. मला वाटलं आता हा माणूस स्टुडिओ डोक्यावर घेणार. त्यांनी पाणी मागितलं. मग निगेटिव्ह मागितल्या आणि एकेक उजेडाकडे धरून पाहू लागले. पुढच्या बाजूच्या प्रत्येकीत ट्रेचा चेपलेला कोपरा होता, आणि आम्ही फोटोत जी बाजू उजवी धरली होती तिच्या बरोबर उलट बाजूला.

विभागात येऊन आम्ही ट्रेसिंग पेपर पालथा केला. घडीवर घडी गेली, वाहिनीवर वाहिनी. जुनी झीज त्या सावलीवर जाऊन बसली. मी रडले, सरळसरळ रडले. सर मात्र म्हणाले, "आता नवे फोटो छापून पहिल्यापासून करू." म्हणजे दारव्ह्याचा रविवार पुढे गेला. स्टुडिओवाल्याला ते शेवटपर्यंत एक शब्द लागेल असं बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "त्यानं तं आपल्यापेक्षा जास्त माया लावून काम केलं."

दारव्ह्याला आम्ही काळीपिवळी जीपनं गेलो. सरांच्या मांडीवर आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक, कापडात गुंडाळलेला. लाइटचा भरवसा नव्हता आणि आरशाला ऊन पुरतं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, जरा डावीकडे सरका." मी सरांकडे पाहिलं. सर काही न बोलता सरकले. तेव्हाच मला कळलं की त्यांना धास्ती वाटते आहे.

ताईंचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. त्यांनी पाणी दिलं, अंगणात पाट-टेबल मांडून दिलं आणि पदर सावरून लांब उभ्या राहिल्या. सरांनी आधी फिल्म आभाळाकडे धरून ती सावली दाखवली. मग आरसा फिरवून ऊन धरलं आणि म्हणाले, "या ताई. एक डोळा लावा."

ताई कितीतरी वेळ वाकून होत्या. "गुलाबी दिसते," त्या म्हणाल्या. "मधीमधी खाली खाली."

"जे खाली, रिकामं हाये तिथं पेशी होत्या. आता ही दुसरी काच पाहा. इथं आजार मांगून पोचला. दाट हाये नं? पहिली काच या सावलीची. तिथलं फार आधीपासून मरून राह्यलं होतं. त्या वर्षी होतं ताई. मी पुन्हा पुन्हा पाह्यलं. जागा जुळली."

"मंग त्याइनं पैसे नव्हते घेतले?"

"ते काचेवर दिसत नाही," सर म्हणाले. मी मनात म्हटलं, आता तरी 'नव्हते' म्हणा! "कोणत्याच काचेवर दिसत नाही. पण हाताले लागलेलं ओळखायची जागा त्याइची जाऊन राह्यली होती. चांगला कापूस अन् फरतड, दोन्ही त्याइच्या बोटाले सारखेच लागत असन. हे मी कुठंही लिहून देतो."

ताई ओट्यावर बसल्या. मला वाटलं त्यांना हलकं वाटेल, त्या देवाला हात जोडतील. पण त्या आपल्या उजव्या हाताकडे पाहत बोलू लागल्या.

"त्या वर्षी ते रोज खिशात चिमूटभर कापूस घेऊन येत. हातपाय धुवायच्या आधी चुलीपाशी येऊन माह्या हातात देत. म्हणत, सांग बरं, कसा हाये धागा? मले वाटे थट्टा करते. मी म्हणत होती, ग्रेडर तुम्ही का मी? ते म्हणत, सांग तं खरं." त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "मी भाकरी थापत राहत होती. चांगला हाये, म्हणून देत होती. ते ऐकलं का मंगच जेवायले बसत." 

त्या सरांकडे वळल्या.

"ते मले विचारून राह्यले होते नं, डॉक्टरसाहेब? खरंच विचारून राह्यले होते."

"हाव," सर म्हणाले.

"अन् मी पाह्यलं बी नाही कापसाकडे. एक दिवस नाही पाह्यलं."

सर सूक्ष्मदर्शकाचं कापड गुंडाळत होते, ते थांबले. ज्या माणसानं वाटलेलं कधी सांगितलं नाही, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ज्यानं मला एक अक्षर बोलू दिलं नाही, तो माणूस त्यांच्याकडे सरळ पाहत म्हणाला, "कापूस चांगलाच होता, ताई."

"खरंच?"

"चांगलाच होता," सर म्हणाले. "तुम्ही बरोबर सांगत होत्या."